पाच पैशांचे तिकीट

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'निर्वासितांना आश्रय देणे देशाला परवडत नाही.' मी विषयाच्या बाजूने बोलले आणि दुसरा क्रमांक मिळवला. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्याने माझा सगळा भर आकड्यांवर होता. अमुक इतकी माणसे, दरडोई इतके धान्य, इतकी औषधे, इतके तंबू. बेरीज केली की खर्च डोळ्यांत भरतो आणि जमेच्या बाजूला काहीच दिसत नाही. 'आपल्याच ताटात पुरेसे नसताना दुसऱ्याला पंगतीला कसे बसवणार?' या माझ्या वाक्याला टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा आवाज आता माझ्या कानांना बरा वाटत नाही. तो का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

दिवाळीच्या साफसफाईत आज्जीची पत्र्याची ट्रंक उघडली. तिचा थोरला भाऊ तेव्हा मुंबईला गिरणीत होता. त्याची पत्रे तिने आजवर जपून ठेवली आहेत. त्यांतल्या एका लखोट्यावर नेहमीच्या वीस पैशांच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट होते. तिकीट कुटुंबनियोजनाचे, पण त्यावर काळ्या शाईत 'शरणार्थी सहायता' असे वरून छापलेले. मी विचारले, "आज्जी, हे कसलं गं तिकीट?"

"अगं, ते बांगलादेशच्या लोकांसाठीचं. तेव्हा पत्राला पाच पैसे जास्ती पडायचे बघ. दादा कुरकुर करायचा, पण चिकटवायचा."

"आणि तू?"

"मी पण करायचे की कुरकुर. पाच पैशाला तेव्हा किंमत होती. पण लोकं मरत होती ना गं तिकडं."

माझ्या भाषणातला सगळा हिशेब या शेवटच्या वाक्यापुढे लटका पडला. वीस पैशांवर पाच पैसे म्हणजे चौथा हिस्सा! गिरणीतला कामगार आणि बेळगावातली त्याची बहीण, ज्यांनी बंगाल कधी पाहिला नाही, ती दोघे प्रत्येक पत्रामागे हा भार उचलत होती. 15 नोव्हेंबर 1971 पासून 31 मार्च 1973 पर्यंत हा अधिभार देशभर चालू होता. परवडत होता म्हणून नव्हे, परवडत नसतानाही. मग मी ग्रंथालयात जाऊन त्या वर्षाबद्दल मिळेल ते वाचू लागले.

आधी आकडेच पाहू, कारण स्पर्धेत मी आकड्यांचाच आधार घेतला होता. 1971 च्या मार्चअखेरपासून डिसेंबरपर्यंत पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. त्यांपैकी सुमारे 68 लाख छावण्यांत राहिली आणि 31 लाख नातेवाइकांकडे वा ओळखीपाळखीच्या घरी. एकट्या पश्चिम बंगालमध्ये सुमारे 75 लाख. त्रिपुराची तेव्हाची लोकसंख्या साडेपंधरा लाख आणि तेथे आलेले निर्वासित चौदा लाख! म्हणजे जवळजवळ घरटी जितकी माणसे तितकेच पाहुणे. कलकत्त्याजवळ सॉल्ट लेकच्या छावणीत तर जागा मिळेना, तेव्हा माणसांनी सांडपाण्यासाठी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळांत संसार थाटले.

पावसाळ्याच्या तोंडाशी छावण्यांत पटकी पसरली. बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पाणी रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. पाजायचे काम रुग्णाच्या आईने, भावाने, बायकोने केले. छावण्यांत शंभरांतली तीसएक माणसे दगावत होती, तेथे हे प्रमाण चारच्याही खाली आले. आज आपल्या घरात जुलाब झाले की जी पुडी आणली जाते, तिची मोठी परीक्षा निर्वासितांच्या छावणीत झाली. 2022 मध्ये डॉ. महालनबीस वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. जमेच्या बाजूला काहीच नसते, असे मी म्हटले होते. ही एक नोंद मी विसरले होते.

पण माझी खरी चूक याहून मोठी होती. मी खर्च मोजला, कारण मोजले नाही.

आमचे लेखाशास्त्राचे सर पहिल्याच तासाला सांगतात, रोजकीर्दीत व्यवहार तारखेप्रमाणे येतात. पण कोण कोणाचे किती देणे लागतो, हे कळायला खतावणी उघडावी लागते. वर्तमानपत्रे आपल्याला रोजकीर्द देतात. आज इतके आले, उद्या इतके मेले, परवा इतके परत पाठवले. खतावणी आपण उघडतच नाही. म्हणून आपल्याला वाटते, 25 मार्च 1971 च्या रात्री ढाक्यात लष्कराने गोळीबार सुरू केला आणि लोक पळाले. ते निमित्त झाले. कारणांची खाती त्याआधी चोवीस वर्षे चालू होती.

पहिले खाते भाषेचे. पाकिस्तानात निम्म्याहून अधिक लोकांची मातृभाषा बंगाली होती. तरी 1948 साली ढाक्यात येऊन जीनांनी सांगितले की राष्ट्राची भाषा उर्दूच राहील. 21 फेब्रुवारी 1952 रोजी ढाक्यात निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आपल्याच वयाची मुले ती! 1956 च्या घटनेत बंगालीला मान्यता मिळाली. पण सांडलेले रक्त पुसले गेले नाही. 1999 साली युनेस्कोने तोच दिवस जागतिक मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला.

दुसरे खाते पैशाचे. पूर्वेच्या तागाने पाकिस्तानला परकीय चलन मिळवून दिले, पण कारखाने, धरणे, राजधानी आणि लष्कर यांवर होणारा खर्च मुख्यतः पश्चिमेकडे. एक दुकान, दोन भागीदार. एकाने माल आणायचा आणि गल्ल्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. शेख मुजीबुर रहमान यांनी 1966 साली सहा मागण्या मांडल्या, त्यांत दोन्ही भागांच्या परकीय चलनाचा हिशेब वेगळा ठेवावा अशी एक मागणी होती. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ती मागणी मुळीच भयंकर वाटणार नाही. राज्यकर्त्यांना ती देशद्रोह वाटली.

तिसरे खाते अनास्थेचे. 12 नोव्हेंबर 1970 रोजी तेथील किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले. किमान तीन लाख माणसे गेली, असे मानले जाते. वादळ कोणाच्या हातचे नसते. पण वादळानंतर मदत वेळेवर पोचवणे हे सरकारच्याच हातचे असते. ती पोचली नाही, आणि लोकांनी ते लक्षात ठेवले.

चौथे खाते मताचे. त्याच डिसेंबरात निवडणूक झाली. पूर्वेकडील 162 जागांपैकी 160 जागा मुजीब यांच्या अवामी लीगने जिंकल्या आणि साऱ्या पाकिस्तानात त्यांचे बहुमत झाले. लोकशाहीत याचा अर्थ एकच. पण 1 मार्चला संसदेचे अधिवेशन पुढे ढकलले गेले आणि 25 मार्चच्या रात्री रणगाडे रस्त्यावर आले. विद्यापीठाची वसतिगृहे, पोलिसांच्या बराकी, हिंदूंचे मोहल्ले यांवर पहिला मारा झाला. पळून आलेल्यांत बहुसंख्य हिंदू होते, मुसलमानही लाखांनी होते.

वाचकहो, ही चार खाती एकत्र मांडली की दिसते, ते एक कोटी लोक आपल्या ताटावर डोळा ठेवून आले नव्हते. भाषा, कमाई, संकटातली मदत आणि मत, प्रत्येक ठिकाणी त्यांना 'तुम्ही मोजण्यात नाही' असे सांगण्यात आले, आणि शेवटी बंदुकीने सांगण्यात आले. माणूस सहजासहजी घर सोडत नाही. आज्जी सांगते, तिच्या माहेरची माणसे प्लेगच्या साथीत गावाबाहेर झोपड्या बांधून राहत, पण रोज संध्याकाळी कोणीतरी लांबूनच आपले घर पाहून येई. शेत, विहीर, देव्हारा, थोरांच्या समाध्या, हे सारे मागे टाकून अंगावरच्या वस्त्रानिशी जो निघतो, त्याला मागे राहण्यापेक्षा चिखलातून शंभर मैल चालणे सुरक्षित वाटलेले असते.

आता माझ्या भाषणातला दुसरा मुद्दा. 'एकदा आलेली माणसे परत जात नाहीत,' असे मी ठासून सांगितले होते. त्याचे उत्तरही 1971 नेच दिले आहे. 16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आले. जमालपूरच्या लढाईत आपल्या मराठा पलटणीचे जवानही होते; बेळगावला मराठा रेजिमेंटचे केंद्र असल्याने येथील जुन्या लोकांना ते ठाऊक आहे. त्यानंतर काय झाले? जानेवारी 1972 संपेपर्यंत साठ लाख लोक परत गेले. फेब्रुवारीअखेर हा आकडा नव्वद लाखांवर गेला. मार्चच्या शेवटी भारत सरकारच्या हिशेबाने फक्त साठ हजार उरले होते. घरे जळालेली, शेते पडीक, पूल मोडलेले. तरीही आगगाडीने, ट्रकने, पायी, जमेल तसे ते गेले. कारण दूर झाले आणि माणसे घरी गेली. त्यांना कोणी हाकलावे लागले नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्यापासून लांब नाही. हिवाळा आला की आपल्या भागात तिबेटी बाया स्वेटर आणि शाली मांडून बसतात. मुंडगोडला त्यांची मोठी वसाहत आहे. 1959 साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी आले, आणि निजलिंगप्पा मुख्यमंत्री असताना तेव्हाच्या म्हैसूर राज्याने त्यांना जमिनी दिल्या. त्यांतल्या एका बाईशी मी कन्नडमध्ये बोलले; माझ्यापेक्षा तिचे कन्नड चांगले! तिचा जन्म इथला, तिच्या मुलांचाही इथला. मी विचारले, "परत जावंसं वाटतं का?" ती हसून म्हणाली, "मी न पाहिलेल्या गावाला परत कसं म्हणू? पण आई जन्मभर म्हणत होती." तिबेटी माणसाचे घरावर बंगाली माणसापेक्षा कमी प्रेम आहे का? नाही. त्याचे कारण दूर झाले नाही, एवढेच.

आणि तिसरे उदाहरण तर विचार करायला लावणारे आहे. ज्या बांगलादेशाचे एक कोटी लोक एकेकाळी दुसऱ्याच्या दारी होते, त्याच्या दारी आज रोहिंग्या आहेत. ब्रह्मदेशाने 1982 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना परके ठरवले. 25 ऑगस्ट 2017 नंतर लष्कराच्या कारवाईने सात लाखांहून अधिक माणसे काही महिन्यांत कॉक्स बाजारकडे पळाली. त्याच वर्षी परत पाठवण्याचा करार झाला. 2018 मध्ये आणि 2019 मध्ये तारखा ठरल्या, वाहने उभी राहिली. कोणी चढले नाही. चढणार तरी कसे? नागरिकत्व नाही, सुरक्षेची हमी नाही. कारण तसेच ठेवून माणसे परत पाठवू पाहणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे.

इथे एक कबुली दिली पाहिजे. 1971 ची गोष्ट सांगताना आपण सारे चांगले एका बाजूला आणि सारे वाईट दुसऱ्या बाजूला टाकतो. पण फाळणीच्या वेळी बिहारमधून पूर्व पाकिस्तानात गेलेले उर्दू भाषिक मुसलमान होते. तेही निर्वासितच. 1971 च्या आधी आणि नंतर त्यांच्यातले कितीतरी लोक मारले गेले. त्यांच्यातील काहींनी लष्कराला साथ दिली होती, त्याची शिक्षा साऱ्या समाजाला झाली. ढाक्यातील छावण्यांत त्यांच्या पिढ्या गेल्या. 2008 साली तेथील उच्च न्यायालयाने त्यांचे नागरिकत्व मान्य केले. ज्यांच्यावर भाषेपायी अन्याय झाला, त्यांच्या हातूनही भाषेपायी अन्याय घडू शकतो, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

हे मी याच मासिकात मुद्दाम लिहिते. आपल्या मासिकाचा एक विभाग मराठी आणि एक कन्नड. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले, कन्नड मी गल्लीत खेळताना शिकले. सीमाप्रश्नावर मत मांडणे हा या लेखाचा हेतू नाही. ते मत घराघरांत आहे आणि ते सनदशीर मार्गाने मांडण्याचा हक्कही प्रत्येकाला आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की भाषेचा वाद कचेरीत, सभेत, न्यायालयात असतो तोवर तो वाद असतो. तो शेजाऱ्याच्या दारावर खूण करू लागला की त्याची जात बदलते. ढाक्यात ती बदलली, दोन्ही वेळा बदलली. एक कोटी माणसांच्या वाटेची सुरुवात अशाच एखाद्या 'हे आपल्यातले नव्हेत' या वाक्याने होते. ते वाक्य मराठीत बोलले काय, कन्नडमध्ये बोलले काय, त्याचा अर्थ एकच.

शिवाय घर सुटण्यासाठी सीमा ओलांडावीच लागते असे नाही. घटप्रभेवर हिडकलचे धरण झाले, त्यात जुने हुन्नूर गेले. पाणी उतरले की तेथील विठ्ठलाचे देऊळ आजही वर दिसते. त्या धरणाच्या पाण्यावर आपल्या जिल्ह्यातली शेते पिकतात, हे खरे. पण ज्यांचे गाव गेले त्यांना कोणी निर्वासित म्हणत नाही. 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारातली निर्वासिताची व्याख्या देशाबाहेर छळाच्या भीतीने गेलेल्यांपुरती आहे. भूक, पूर, धरण तिच्यात बसत नाहीत. भारताने त्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या मोजणीप्रमाणे 2024 च्या अखेरीस जगात युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे बेघर झालेले लोक 12 कोटींच्या वर होते, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आपापल्या देशातच होते. सुदानात एप्रिल 2023 मध्ये दोन सेनापतींचे युद्ध पेटले आणि एक कोटीहून अधिक माणसे घराबाहेर पडली. पुन्हा तोच आकडा, एक कोटी! पण त्यांच्यासाठी कोणत्या गावच्या टपालावर पाच पैसे चढले?

मला विरोध केला जाईल, तो ठाऊक आहे. कोणी म्हणेल, 'सगळ्या जगाला घेऊन आपण कोठे ठेवणार?' प्रश्न खरा आहे. 1971 मध्येही पश्चिम बंगालमध्ये धान्याचे भाव चढले, मजुरी उतरली, स्थानिक गरिबांना त्याची झळ बसली. जेवू घालणाऱ्याच्या घरातली चूल किती वेळ पेटती राहील, हे विचारणे पाप नाही. म्हणून आश्रयाचा भार एकाच राज्याच्या, एकाच जिल्ह्याच्या गळ्यात पडू नये. तो वाटून घ्यावा. पाच पैशांच्या तिकिटाचा अर्थ तोच होता. त्रिपुराचे ओझे बेळगावने आणि मुंबईने थोडेसे उचलले. वसूल झालेल्या रकमेपेक्षा मला त्यातली वाटणी महत्त्वाची वाटते.

आणि नुसत्या आश्रयाने भागत नाही, हेही तितकेच खरे. तंबू, धान्य, औषध हा चालू खर्च झाला. तो केलाच पाहिजे, कारण मरणाऱ्याला कारणमीमांसा उपयोगी नाही. पण ज्या देण्यामुळे हा खर्च येतो ते देणे फेडले नाही, तर दर वर्षी तोच खर्च नव्या पानावर लिहावा लागणार. अन्यायाची खाती उघडी आहेत तोवर छावण्या उघड्या राहणार.

असो. स्पर्धेतले माझे प्रशस्तिपत्र घरात भिंतीवर लावलेले होते. ते मी काढून ठेवले आहे. परीक्षकांना दोष नाही; मी बोलले ठसक्यात आणि त्यांनी गुण दिले. यंदा पुन्हा तोच विषय निघाला, तर मी दुसऱ्या बाजूने उभी राहीन. तेव्हाही आकडे सांगेन, पण आधी एक प्रश्न विचारेन. दारात उभ्या असलेल्या माणसाला आपण पहिल्यांदा 'तू कधी जाणार?' असे विचारतो. त्याआधी 'तुला का निघावे लागले?' असे विचारले, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्यातच मिळेल.

तो लखोटा आज्जीने मला दिला आहे. तिकीट काढून घे म्हणाली, संग्रहाला होईल. मी ते काढलेले नाही.